‘लोणावळा’ या शब्दात अक्षरं किती?

चार. लो, णा, व, ळा. पहिलीतलं पोरही सांगेल. पण माझ्या डेस्कटॉपवरच्या पायथन २.७ला विचारलं तर उत्तर येतं २१, आणि पायथन ३ला विचारलं तर ७. या २१ आणि ७ मध्ये बारा वर्षांचा इतिहास आहे. नवा पायथन हाताने टाकायची वेळ आमच्यावर का आली, तेही त्यातच आहे.

आधी माझं काम. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या. तिथली जुनी निरीक्षणं मी मावळात घरी बसून पुन्हा तपासते. ती तपासतात छोटे छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, आणि त्या बहुतेक पायथनमध्ये असतात. स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर. तो वाचून प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम म्हणजे रनटाइम. तो बदलला की तोच मजकूर वेगळा वाचला जाऊ शकतो.

गीडो व्हॅन रॉसम यांनी पायथन पहिल्यांदा बाहेर आणला फेब्रुवारी १९९१ मध्ये. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे पायथन युनिकोडहून थोडा थोरला. त्यामुळे त्याच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची माळ. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘लोणावळा’त चिन्हं सात (ल, ओकार, ण, काना, व, ळ, काना), म्हणून २१. पायथन ३ बाइट न मोजता चिन्हं मोजतो, म्हणून सात. चारपर्यंत या दोघांपैकी कोणी पोचलेलं नाही, हे आपलं आपल्यात! पायथन २मध्ये तर फाइलच्या सुरुवातीला खास ओळ लिहिली नसेल, तर नुसती मराठी टीप दिसली तरी प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही. आता ‘पाऊस’ असं चलाचं नावसुद्धा चालतं.

ही दुरुस्ती जुन्याशी जुळवून घेत होण्यासारखी नव्हती. म्हणून ३ डिसेंबर २००८ला आलेल्या पायथन ३ने जुन्याशी नातं तोडलं. लोक हलेनात. पायथन २ बंद करण्यासाठी आधी २०१५ साल ठरलं होतं, ते २०२० पर्यंत पुढे ढकललं. शेवटची आवृत्ती २.७.१८ एप्रिल २०२० मध्ये आली. योगायोग असा, की त्याच महिन्यात खंडाळ्याजवळचा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल पाडला. द्रुतगती मार्गावरची वाहतूक टाळेबंदीमुळे थांबली होती, तेव्हा कुठे त्याला हात लावता आला.

आमच्याकडे वाहतूक थांबत नाही, हीच खरी अडचण. रेडिओ खगोलशास्त्रात ‘कासा’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याची पाचवी आवृत्ती पायथन २.७वर चालायची, सहावी पायथन ३वर गेली. पण संशोधनाच्या संगणकांवर सर्रास दिसणाऱ्या सेंटओएस ७मध्ये मूळचा पायथन २.७च होता, आणि नवी सॉफ्टवेअर बसवणारं ‘यम’ हे साधन त्याच्याच जिवावर चालायचं. जुना पायथन काढून टाकलात तर नवं काही बसवणारं साधनच बंद पडतं.

मग करायचं काय? जुन्याच्या शेजारी नवा बांधायचा. पायथनचा मूळ कोड उतरवून घ्यायचा. ‘कॉन्फिगर’ म्हटलं की आपल्या यंत्रावर काय आहे, काय नाही ते तपासलं जातं. ‘मेक’ म्हटलं की कोडचा प्रत्यक्ष प्रोग्राम तयार होतो. (पावसाळ्यात मावळात हे करणार असाल तर आधी वीज आहे का बघा.) शेवटची आज्ञा नेहमीची ‘मेक इन्स्टॉल’ नको, ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ द्या. म्हणजे नवा पायथन स्वतःच्या आवृत्तीच्या क्रमांकाने बसतो, जुन्याच्या नावावर हक्क सांगत नाही. द्रुतगती मार्ग झाला तरी जुना हायवे लोणावळ्याच्या बाजारातून जातोच आहे ना, तसं. एक गोष्ट मात्र बघा: ओपनएसएसएलच्या विकासकांसाठीच्या फाइली आधी बसवलेल्या नसतील, तर पायथन तयार होतो, पण इंटरनेटवरून एकही पॅकेज उतरवू शकत नाही. चूक कळते ती सगळं झाल्यावर.

इथवर निव्वळ तांत्रिक कटकट. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पायथन २मध्ये १ भागिले ३ केलं की उत्तर ०, कारण पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक टाकून दिला जायचा. पायथन ३मध्ये ०.३३३. ‘प्रिंट’ लिहायची पद्धत बदलली, तिथे स्क्रिप्ट निदान ओरडून थांबते. भागाकार थांबत नाही. तो निमूटपणे दुसरा आकडा देतो आणि आलेख सुबकच दिसतो. कुणाच्या जुन्या प्रबंधातली एखाद्या स्रोताची तेजस्विता आज माझ्याकडे वेगळी आली, तर आकाश बदललं की भागाकार?

खरं तर यावर उपाय २००१ पासूनच होता. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘फ्यूचर’मधून नवा भागाकार मागवणारी एक ओळ लिहिली की पायथन २ सुद्धा ०.३३३ द्यायचा. काहींनी लिहिली, काहींनी नाही. म्हणून कुठलीही जुनी स्क्रिप्ट हातात आली की मी आधी ती ओळ शोधते. नसेल तर प्रत्येक भागाकाराशी थांबून बघते, की लिहिणाऱ्याला इथे अपूर्णांक हवा होता की नको होता. कधी कधी खरंच नको असतो. २५५ वाहिन्यांतली मधली शोधताना १२७च हवी, १२७.५ नाही. तिथे दोन तिरप्या रेघा द्यायच्या, म्हणजे पायथन ३ही पूर्णांकच देतो.

माझ्या यंत्रावरचा २.७ म्हणूनच मी काढलेला नाही. तेच निरीक्षण आधी त्याच्यावर चालवते, मग नव्यावर, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघते. एका स्रोताला साधारण एक दुपार जाते.