अंगकाठी आणि काठी

माणसाच्या बांध्याला मराठीत ‘अंगकाठी’ म्हणतात. देहाला काठीचे माप लावणारी ही भाषा. व्यवहारात मात्र देहाच्या मापाने काठी बेतली जाते. वऱ्हाडच्या व्यायामपरंपरेचा इतिहास आपण बहुधा संस्था आणि संस्थापक यांच्या अंगाने लिहितो. काठी पारखणारा हात त्यात क्वचितच दिसतो.

मेळघाटच्या कोरड्या डोंगरउतारांवरचा बांबू बराचसा भरीव असतो. लाठीला असाच हवा. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो, म्हणून तीन-चार पावसाळे पाहिलेला निवडावा, तोही गाठी जवळजवळ असलेला. पावसाळा सरल्यावर तोडून तो सावलीत वाळवावा, बाक मंद आचेवर शेकून काढावा आणि मग तेल मुरवावे.

खरी परीक्षा छाटणीची. काठी साधारणतः धरणाऱ्याच्या कानापर्यंत यावी. पण लांबी कोणत्या टोकाने कमी करायची? शेंड्याकडून छाटल्यास लवणारा भाग जातो व काठी ताठर होते. बुंध्याकडून छाटल्यास वजन घटते, लवचिकता बरीचशी टिकते. काप गाठीलगत द्यावा, नाहीतर टोक चिरते.

गोल्फच्या दांड्यालाही हाच नियम लागू पडतो. हिकरी लाकडाचा दांडा कारागीर खेळाडूच्या हाताप्रमाणे तासून देत असे. सेंट अँड्रूजच्या नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्याला मान्यता दिली आणि कारखान्यातील एकसारख्या नळ्या आल्या. तरीही आपल्या मापाची काठी मागणारा खेळाडू उरलाच. आजही त्याच्यासाठी नळीचे टोक छाटून ताठरपणा वाढवतात आणि मुठीकडून कापून लांबी जुळवतात.

आपल्याकडे काय घडले? अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु आखाड्यातील विद्या अशी मैदानावर आली, की तिला सामूहिक शिस्तीचे रूप येते. कवायतीत काठ्या एकसारख्या दिसाव्या लागतात. झुंजीत मात्र काठी ज्याची त्याची असते. एकाच्या उंचीची काठी दुसऱ्याच्या हातात गेली, की पारखीची गरजच संपते.

दुसरीकडे १९२७ च्या वन कायद्याने ‘वृक्ष’ या व्याख्येत बांबू धरला; वस्तुतः तो गवताच्या कुळातला. त्यामुळे राखीव जंगलात परवानगीवाचून काठी तोडणारा जाणकार गुन्हेगार ठरू शकला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात स्थान दिले, तर २०१७ च्या दुरुस्तीने त्याला वृक्षाच्या व्याख्येतून वगळले. हक्क परत आला, पण मधल्या काळात खंडित झालेली नजर अधिसूचनेने परत येत नाही.

आपण वाङ्मयाचे अभ्यासक लिखित साधनांवर विसंबतो. अशी विद्या कागदावर फारशी उतरत नाही. ती बोटांत असते आणि माणसाबरोबर जाते. वऱ्हाडातल्या गावोगावच्या आखाड्यांत जुनी लाठी अजून कोपऱ्यात उभी असेल. ती हातात घेऊन कोणते टोक छाटले आहे ते पाहावे. तिच्या मालकाची अंगकाठी तेथे नोंदलेली असते.