बॉनेटमधले भोक

खडवलीला आमचे एक निवृत्त शिक्षक मित्र राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा अंगणात मोटारीच्या बॉनेटपाशी तोंड पाडून उभा होता. साठवलेल्या पैशांतून त्याने गाडीसाठी कार्बन तंतूंचे बॉनेट मागवले होते. काळेभोर, कापडासारखी वीण दिसणारे आणि पोलादी बॉनेटच्या मानाने फारच हलके. मात्र जुन्या बॉनेटला काचेवर पाणी उडवणारी दोन नोझले बसवण्यासाठी भोके होती, तशी याला नव्हती. पडघ्याजवळ नाशिकच्या रस्त्याला लागले, की पावसाळ्यात पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर येतो. नुसता वायपर फिरवला तर तो सारवल्यासारखा पसरतो. नोझलांवाचून भागणार नव्हते. म्हणून गेटे आणि ग्रिले करणाऱ्या एका वेल्डरला बोलावून पहिले भोक पाडले. वरून भोक गोल आणि नेटके दिसत होते. बॉनेट उलटून पाहिले, तर खालच्या बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात टवके उडून काळे धागे पिंजारून बाहेर आलेले.

“काका, याच माणसाने आमच्या गेटच्या पत्र्यात पन्नास भोके पाडली. तेव्हा असे काही झाले नाही. मग यातच का?”

माल खोटा असावा, असे वेल्डरचे मत पडले. आम्ही मात्र शास्त्रज्ञाच्या ऐटीत मातीत काडीने आकृती काढून लगेच उत्तर दिले. ते उत्तर खरे होते, पण या प्रश्नाचे नव्हते. दुसरे भोक पाडायचे अजून बाकी होते, हे त्या मुलाचे नशीब.

आमचे उत्तर होते ते असे. भातसेच्या पात्रात पुलाचा खांब असला, की त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची गर्दी होते आणि तेथे प्रवाह जोरात वाहतो. पत्रा दोन्हीकडून ओढला, की त्यातून जाणाऱ्या बलाचेही असेच काहीसे होते. भोकाच्या जागी पदार्थ नसल्यामुळे तिथला भार कडेच्या पदार्थाला उचलावा लागतो. किती जास्त? १८९८ साली किर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवले, की रुंद पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला प्रतिबल बरोबर तिप्पट होते. गंमत अशी, की भोक लहान आहे की मोठे याने त्यात फरक पडत नाही.

पुढे १९१३ साली केंब्रिजच्या इंग्लिस यांनी लंबवर्तुळाकार भोकाचे गणित सोडवले. ओढीला आडव्या असलेल्या अक्षाची लांबी भोकाच्या रुंदीच्या जितकी पट, तिची दुप्पट करून तीत एक मिळवावा. गोलाला तीन, आणि तिप्पट लांबट भोकाला सात! चीर म्हणजे अतिशय लांबट भोकच. तिच्या टोकाशी हा आकडा कुठल्या कुठे जातो. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ग्रिफिथ यांनी १९२०च्या सुमारास यातूनच काच का फुटते याचा उलगडा केला. फार्नबरो हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुन्हा दोनदा येणार आहे.

मग गेटचा पत्रा का फाटत नाही? कारण मऊ पोलाद समजूतदार आहे. कडेचे प्रतिबल हाताबाहेर जाऊ लागले, की तिथले पोलाद किंचित वाहते, लांबते आणि आपला भार शेजाऱ्यावर ढकलते. आपल्याकडच्या मोटारी कित्येक दशके या समजूतदारपणावरच चालल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. तिचे बॉनेट म्हणजे दाबयंत्रात घडवलेला पोलादी पत्रा. कोणत्याही गॅरेजवाल्याने त्यात कुठेही भोक पाडावे आणि गंज लागू नये म्हणून कडेला रंग फासावा, की काम झाले.

धातूच्या समजूतदारपणालाही अंत असतो. १९५४ साली दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रात कोसळली, एक १० जानेवारीला एल्बा बेटाजवळ आणि दुसरे ८ एप्रिलला नेपल्सजवळ. चौकशीसाठी फार्नबरोला एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला. हवेऐवजी पाणी घेण्याचे कारण विद्यार्थ्यांना जरूर विचारावे: पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे कवच फुटले तरी स्फोट होत नाही आणि चीर कोठून सुरू झाली ते पाहता येते. प्रत्यक्ष आणि नकली अशी सुमारे ३,००० उड्डाणे झाल्यावर ते कवच फाटले. कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून ते पडले, असे आजही पुष्कळ पुस्तकांत छापतात. वस्तुतः त्या खिडक्यांचे कोपरे गोलाईदार होते. एल्बाजवळ समुद्रातून काढलेल्या अवशेषांत चिरेचा माग लागला तो छतावरच्या एका झरोक्याच्या कोपऱ्याशी, जोडणीच्या एका बारीक भोकापाशी. एकदा सोसलेला ताण धातू हजारो वेळा सोसेलच असे नाही.

इतके सांगून आम्ही मोठ्या समाधानाने जेवायला बसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र चूक लक्षात आली. ते बॉनेट अंगणात नुसते ठेवलेले होते, त्याला कोणी ओढत नव्हते. मग तिप्पट प्रतिबल आले कोठून? टवके पडले होते ते खालच्या बाजूला, ड्रिल बाहेर निघाले तेथे. उत्तर भोकाच्या गणितात नव्हते, पदार्थाच्या इतिहासात होते.

त्या इतिहासाची सुरुवात दिव्यापासून होते. इंग्लंडात स्वान आणि अमेरिकेत एडिसन यांनी कागद, सुती दोरा असे पदार्थ हवा लागू न देता भाजून दिव्याची तार बनवली. एडिसनचा १८७९चा प्रसिद्ध दिवा सुती दोऱ्याचा होता. पुढे त्याने जपानी बांबूचे तंतू वापरले. सेल्युलोज तापवले, की त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या रूपाने निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. हे तंतू उजेड देत, पण अतिशय ठिसूळ असत. टंगस्टनची तार आल्यावर लोक त्यांना विसरले.

खडवलीहून कल्याणकडे लोकलने येताना टिटवाळा, आंबिवली, शहाड ही स्थानके लागतात. शहाडला सेंच्युरी रेयॉन, तर आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉनचा कारखाना होता; हा दुसरा २००९ साली बंद पडला. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढायचा, हा तिथला उद्योग. तो धागा कापडाला आणि टायरला लागे. पण १९५८ साली अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना कार्बनच्या ज्योतीत केसाहून बारीक आणि विलक्षण बळकट असे ग्रॅफाइटचे तंतू आढळले, आणि त्यानंतर त्याच कंपनीने व्यापारी कार्बन तंतू काढले ते रेयॉनपासूनच. रेयॉनची अडचण एवढीच, की भाजल्यावर पदरात वजनाच्या जेमतेम पाव भाग कार्बन पडतो.

जपानमध्ये ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी १९६०च्या सुमारास पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल हा धागा निवडला. नाव अवघड असले तरी वस्तू घरातली आहे: स्वेटरची अ‍ॅक्रिलिक लोकर जवळजवळ याचीच. यातून निम्मे वजन हाती लागते. १९६३-६४ मध्ये वॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुबी दाखवली, की हा धागा हवेत २००-३०० अंशांना तापवताना आखडू द्यायचा नाही, ताणून धरायचा. मग त्यातल्या कार्बनच्या जाळ्या धाग्याच्या दिशेने रांगेत बसतात आणि धागा पोलादाशी स्पर्धा करतो. वॅट काम करत होते ती संस्था अर्थातच फार्नबरोची!

‘धाग्याच्या दिशेने’ हे शब्द महत्त्वाचे. हे सारे बळ एकाच दिशेचे आहे. तंतूंचे थर एकमेकांना चिकटलेले राहतात ते राळेमुळे, आणि राळ ही शेवटी गोंदाची बहीण. रोल्स रॉइस कंपनीने आरबी-२११ या इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची करायचे ठरवले. वजन पुष्कळ वाचणार होते. १९७० साली पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत. ओढीला बळकट, पण आडव्या आघाताने थर सुटले. टिटॅनियमकडे परतावे लागले, खर्च फुगला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. दोष एकट्या पात्यांचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पुढे १९९५ साली दुसऱ्या एका कंपनीच्या इंजिनात कार्बनची पाती प्रवासी विमानावर आली. त्यांच्या पुढच्या धारेला टिटॅनियमची किनार होती. मोटारींत हा पदार्थ शिरला शर्यतीच्या वाटेने: १९८१ साली मॅक्लारेनने फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडाच त्याचा केला. हौशी लोकांची बॉनेटे ही त्या गाड्यांची दूरची नातवंडे.

आता अंगणातल्या भोकाकडे वळू. ड्रिल वरचे थर कापत खाली जाते तोवर प्रत्येक थराला खालच्या थरांचा आधार असतो. शेवटच्या थराखाली काहीच नसते. वेल्डरने लोखंडाच्या सवयीने जोर लावला, तेव्हा तो थर कापला जाण्याआधीच ढकलला गेला आणि उकलला. आरबी-२११च्या पात्यांचेच दुखणे, फक्त पक्ष्याच्या जागी ड्रिल. आमच्या मते चूक कारागिराची नव्हती, कारागिराच्या निवडीची होती. वेल्डरऐवजी सुताराला बोलवायला हवे होते! प्लायवूडला भोक पाडताना सुतार खाली लाकडाचा तुकडा दाबून धरतो. थरांच्या पदार्थाशी त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

मातीतले ते गणितही अगदी वाया गेले नाही. किर्शचा तीन हा आकडा सर्व दिशांना सारख्या असलेल्या पदार्थाचा. लेख्निट्स्की या रशियन गणितज्ञाने दिशाभेद असलेल्या पत्र्यांसाठी सूत्र दिले. नेहमीच्या किमती त्यात घातल्या, तर उभ्या-आडव्या विणीच्या कार्बन पत्र्यात तंतूंच्या दिशेने ओढले असता पाचाच्या आसपास उत्तर येते, आणि सगळे तंतू ओढीच्याच दिशेने असले तर सहा-सात. शिवाय हा पदार्थ पोलादासारखा वाहत नाही. बॉनेटवर भार फारसा नसतो, म्हणून निभावते. पण बिजागरी आणि कुलपाजवळ भोक नको, आणि चौकोनी तर कोठेच नको.

सकाळी आम्ही दुसरे भोक पाडायला बसलो. पोलादी बॉनेटवरून कागदाचा नमुना कापून जागा ठरवली. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, खाली फळी घट्ट बांधली, नवे धारदार ड्रिल घेतले, आधी बारीक भोक पाडून मग ते मोठे केले आणि जोर हलका ठेवला. नाकाला फडके बांधले, कारण ही धूळ फुप्फुसांना आणि त्वचेलाही वाईट. दोन्ही भोकांच्या कडांना इपॉक्सी राळ लावली, म्हणजे पाणी थरांत शिरणार नाही. पहिल्या भोकाच्या टवक्यांतही तीच भरली.

पाण्याची नळी धरणाऱ्या पट्टीसाठी मुलाने जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू आणले होते. ते आम्ही परत पाठवले. टॉर्चच्या जुन्या घटात मध्ये कार्बनची कांडी आणि बाहेर जस्ताचे भांडे असते. कार्बन तंतूंत जस्ती स्क्रू बसवून वर पावसाचे पाणी पडू दिले, तर तोच घट बॉनेटवर तयार होतो आणि जस्त खाल्ले जाते. प्लॅस्टिकच्या खुंट्या वापरल्या. नोझले प्लॅस्टिकचीच होती.

कळ दाबल्यावर पहिली चिळकांडी काचेवरून छतापलीकडे गेली. नोझलाच्या तोंडाशी एक छोटी गोळी असते. ती टाचणीने वळवता येते. तिसऱ्या खेपेला पाणी वायपरच्या वाटेत पडले.