१७३५ चे साल आणि १९५३ चे घड्याळ : 'फिफ्टी फॅदम्स'ची जन्मकथा (थ्रेड)

ब्लाँपँ या स्विस नावाशेजारी १७३५ हे साल हटकून छापलेले असते. जगातील सर्वांत जुने घड्याळ-नाम असा त्याचा लौकिक आहे. याच नावाच्या १९५३ सालच्या पाणबुड्यांच्या घड्याळासाठी आज संग्राहक लिलावात चढाओढ करतात. गंमत अशी की, ज्या वर्षी ते घड्याळ जन्मले, त्या वर्षी ते घडवणाऱ्या कंपनीचे नाव ब्लाँपँ नव्हतेच. ब्लाँपँ घराण्यातील कोणी तिथे उरलेही नव्हते. 👇

प्रथम १७३५ कडे पाहू. ज्युरा पर्वतातील विलरे या लहानशा गावाच्या मालमत्ता नोंदवहीत त्या वर्षी जहाँ-जाक ब्लाँपँ याच्या नावापुढे 'घड्याळजी' असा व्यवसाय आढळतो. पुरावा एवढाच. ते कंपनीच्या स्थापनेचे वर्ष नव्हे; त्याने काम त्याआधीच सुरू केले असण्याची शक्यता अधिक. त्या वेळी विलरे स्वित्झर्लंडमध्येही नव्हते. बाझेलच्या राजबिशपच्या अमलाखाली होते. ज्युरातील शेतकऱ्यांच्या घरांत तेव्हा असेच चाले : खाली गुरे बांधलेली आणि वरच्या मजल्यावर, खिडकीच्या उजेडात, घड्याळांचे सुटे भाग घासले जात.

पुढे जवळजवळ दोनशे वर्षे धंदा पिढ्यानपिढ्या चालला. एकोणिसाव्या शतकात नदीच्या पाण्यावर चालणारा कारखाना उभा राहिला. हा भाग इतर कोणत्याही ज्युरातील घराण्यासारखाच आहे. कथा वळण घेते ती १९३२ मध्ये. त्या वर्षी फ्रेदेरिक-एमिल ब्लाँपँ मरण पावला आणि त्याच्या मुलीला व्यवसायात रस नव्हता.

तेव्हा पुढे आली बेटी फिख्टर. १९१२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, उमेदवार म्हणून ती या कारखान्यात शिरली होती आणि कामाची सारी सूत्रे हळूहळू तिच्या हाती आली होती. १९३३ मध्ये तिने सहकारी आंद्रे लेआल याच्यासह कंपनी विकत घेतली. महामंदीचा काळ, धंदा डबघाईला आलेला आणि मालक एक स्त्री. स्विस घड्याळ-व्यवसायात असे उदाहरण तोवर जवळपास नव्हतेच.

पण तत्कालीन स्विस नियम आडवा आला. घराण्यातील कोणी मालकीत नसेल, तर कंपनीला घराण्याचे नाव लावता येत नसे. फिख्टर आणि लेआल यांनी गावाचेच नाव उलटे केले : 'विल-रे'चे झाले 'रे-विल'. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे कंपनी 'रेविल' होती. 'ब्लाँपँ' हे तबकडीवरचे व्यापारी नाव तेवढे राहिले.

१९५० मध्ये बेटीचा भाचा जाँ-जाक फिख्टर कंपनीत आला. तो पिंडाने इतिहासाचा अभ्यासक आणि हौशी पाणबुड्या होता. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा खोलवर असताना त्याला वेळेचे भान राहिले नाही आणि टाकीतील हवा संपली. कसाबसा, टप्पे न घेता, तो थेट पृष्ठभागावर आला. जीव वाचला, हे नशीबच.

हे नशीब का, ते समजले पाहिजे. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस झटकन वर आला, तर सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर व्हावे तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे आखडतात, अर्धांगवायू होतो, मृत्यूही येतो. वर येताना कोठे आणि किती थांबायचे, हे किती खोलीवर किती मिनिटे घालवली यावरून ठरते. गणकयंत्रे मनगटावर येण्यापूर्वीच्या त्या काळात घड्याळ चुकणे म्हणजे हिशेब चुकणे होते.

फिख्टरने काढलेले उपाय या एका भीतीतून आलेले दिसतात. घड्याळात पाणी शिरते ते मुख्यतः चावीच्या वाटेने. स्क्रूसारख्या फिरवून बसणाऱ्या चावीचे तंत्र रोलेक्सचे होते. म्हणून त्याने चावीच्या दांड्यावर दोन रबरी कड्या बसवल्या. एक निसटली तर दुसरी राखणीला. चावी वारंवार ओढून त्या कड्या झिजू नयेत, म्हणून यंत्र हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे निवडले.

सर्वांत महत्त्वाची होती तबकडीभोवतीची फिरती कडी. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर काटा कडीवर जेथे असेल, तितकी मिनिटे लोटली. बेरीज-वजाबाकी नाही. मात्र ही कडी खडकाला घासून सरकली, तर पंचवीस मिनिटांची पंधराही दिसू शकतात. म्हणून दाबल्याखेरीज न फिरणारी कडी त्याने रचली.

याच सुमारास फ्रान्समध्ये नौदलाच्या युद्धपाणबुड्यांचे पथक उभे राहत होते. कॅप्टन रोबेर 'बॉब' मालुबिए आणि लेफ्टनंट क्लोद रिफो हे त्याचे सूत्रधार. मालुबिए दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेचा हस्तक होता. घातपात हा त्याचा अनुभवाचा विषय. बाजारातील घड्याळे त्यांच्या कसोटीला उतरली नाहीत. तेव्हा त्यांनी स्वतःच आराखडा लिहिला : काळी तबकडी, मोठे आकडे, काळोखात उजळणाऱ्या खुणा, फिरती कडी. फ्रान्सच्या लिप कंपनीने, अशा घड्याळाला भवितव्य नाही, म्हणून त्यांना वाटेला लावले. विलरेत मात्र जवळपास तेच घड्याळ आकार घेत होते.

१९५३ मध्ये ते साकारले. नाव ठेवले 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे दोन्ही हात आडवे पसरून मोजण्याचे माप. मराठीत त्यालाच वाव म्हणतात. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. टाकीतील साध्या हवेवर बुडी मारणाऱ्याची ती कमाल मर्यादा समजली जाई. १९५६ मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या झाक कुस्तो यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटातील पाणबुड्यांच्या मनगटांवर हेच घड्याळ दिसते.

हे 'पहिले' होते का? हौशी मंडळींत यावर हमरीतुमरी होते. ओमेगाचे 'मरीन' १९३२ चे. पानेराईने १९३० च्या दशकातच इटालियन नौदलासाठी घड्याळे केली होती. रोलेक्सचे 'सबमरिनर' याच घड्याळाच्या आगेमागे आले. तेव्हा 'पहिले' हा शब्द जाहिरातीचा समजावा. पाणबुड्यांच्या घड्याळाचा जो साचा आज रूढ आहे, तो या काही वर्षांत एकाहून अधिक ठिकाणी घडला आणि विलरे त्यांपैकी एक, हे विधान अधिक टिकाऊ आहे.

अमेरिकी नौदलालाही हे घड्याळ हवे होते. चुंबकीय सुरुंग हाताळणाऱ्या पाणबुड्यांना चुंबकत्व न पकडणारे घड्याळ लागते. पण सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देण्याचा कायदा होता. त्यातून १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आयातदाराचे नाव जोडून 'टॉर्नेक-रेविल' घड्याळे निघाली. त्यांच्या तबकडीवर ब्लाँपँ हा शब्दच नाही. खुणा प्रोमेथियम या किरणोत्सारी द्रव्याने उजळत आणि पाठीमागे धोक्याची सूचना असे. पुढे त्यांतील बरीच किरणोत्सारी कचरा म्हणून नष्ट करण्यात आली. संग्राहकांना आज जी दुर्मीळता मोहवते, तिचे मूळ तिथे आहे. उलट, काही नागरी घड्याळांच्या तबकडीवर किरणोत्साराचे चिन्ह फुली मारून छापले गेले. रेडियमची भीती तोवर घरोघरी पोहोचली होती.

१९६१ मध्ये रेविल कंपनी ओमेगा-टिसो यांच्या समूहात सामील झाली. सत्तरच्या दशकात क्वार्ट्झच्या लाटेत नाव विझले. १९८० च्या दशकारंभी जाँ-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी ते विकत घेतले. बिव्हर यांच्या सांगण्यानुसार किंमत होती सुमारे २२ हजार स्विस फ्रँक. काम सुरू झाले ते विलरेत नव्हे, ज्युराच्या दुसऱ्या टोकाच्या ले ब्रास्यू गावी. आणि तेव्हा जाहिरात झळकली : १७३५ पासून या नावाने क्वार्ट्झ घड्याळ केलेले नाही आणि करणारही नाही. ज्या वर्षांत नाव झोपलेले होते, तीही या हिशेबात सामावली गेली.

जाँ-जाक फिख्टर पुढे इतिहासलेखनाकडे परतला आणि कादंबरीकारही झाला. १९९३ च्या त्याच्या 'तिरे आ पार' या रहस्यकथेचा नायक एका लेखकाचा सूड घेतो. त्यासाठी तो जुन्या सालाचे एक बनावट पुस्तक हुबेहूब तयार करतो आणि त्या लेखकाची नवी कादंबरी त्यावरून चोरलेली आहे, असे जगाला पटवतो.