चारठाणा येथील एक अपुरी बंदूक

चारठाणा हें गांव (तालुका जिंतूर, जिल्हा परभणी) इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक आहे तें तेथील जुन्या हेमाडपंती देवळांमुळें व उघड्यावर एकट्या उभ्या असलेल्या दगडी स्तंभामुळें. आम्हीहि तेथें गेलों तो देवळें पाहण्याच्याच हेतूनें. बंदुकीचा विषय आमच्या ध्यानींमनींहि नव्हता. दुपारची उन्हाची वेळ एका जुन्या घरीं काढीत असतां यजमानांनीं माळ्यावरून एक लांबट बोचकें खालीं आणविलें व 'ही आमच्या खापरपणजोबांची सत्तावनची बंदूक' असें म्हणून तें आमच्यापुढें सोडलें. घराण्याचें नांव येथें देत नाहीं. यजमानांची तशी इच्छा आहे, व आमच्या प्रतिपादनास त्याची गरजहि नाहीं.

बोचक्यांत बंदूक नव्हती, बंदुकीची तयारी होती. एक लांब लोखंडी नळी. तिचें मागील टोंक करवतीनें कापून काढलेलें व कापल्या जागीं कानशीनें पाडलेले साडेतीन आटे. चौथा आटा अर्ध्यावर सोडलेला. दुसरी वस्तु म्हणजे एक भक्कम लोखंडी पेटी, तिला उजव्या अंगास उघडणारें बिजागरीचें झांकण. तिसरी, घोड्यासह चापाची कळ. तिच्या पत्र्यावर मुकुटाचा छाप आणि १८५७ हा आंकडा स्वच्छ वाचतां येतो. आणि चौथा सागवानी कुंदा. तो गांवच्या सुताराच्या हातचा असावा. त्याची मान उतरविली आहे, पण नळीची पन्हळ निम्मीच कोरली आहे व कळ बसविण्याची जागा नुसत्या रेघांनीं आंखून ठेविली आहे. सुतारानें आंखलेल्या त्या रेघा इतक्या वर्षांनीं पुसल्या गेल्या नाहींत, हें पाहून आम्हांस देवळांहूनहि अधिक नवल वाटलें.

घराण्यांतील आख्यायिका अशी कीं, मूळपुरुषानें सत्तावनच्या धामधुमींत ही बंदूक करावयास घेतली, इतक्यांत इंग्रजी फौज आली व काम तसेंच राहिलें. आख्यायिका ऐकतांच हंसण्यासारखी नाहीं. या प्रांतीं बंडाचें वारें लागलेंच नव्हतें असें नाहीं: जून १८५७ मध्यें औरंगाबाद येथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडेस्वारांनीं उठाव केला, व १७ जुलै रोजीं तुर्रेबाजखान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढारीपणाखालीं हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. शिवाय कळेवर आंकडा आहे. सामान्य मनुष्यानें याहून अधिक पुरावा तो कोणता मागावा?

परंतु पुरावा तोच घात करितो. कळेवरील साल हें ती कळ कारखान्यांत झाल्याचें साल होय. बंदूक जुळविल्याचें नव्हे. खरी साक्ष बिजागरीच्या पेटीची. ही पेटी स्नायडर नांवाच्या बंदुकीची आहे, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. १८६४ च्या डेन्मार्कच्या युद्धांत प्रशियाची मागून भरण्याची बंदूक काय करूं शकते हें दिसून आल्यावर इंग्रज सरकारास आपल्या ठासणीच्या एन्फील्ड बंदुकांची काळजी पडली. त्या टाकून नव्या करण्यास खर्च फार. तेव्हां जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाची युक्ति १८६६ सालीं पत्करण्यांत आली: जुन्या नळीचा मागील सुमारें अडीच इंच भाग कापावा व तेथें झांकणाची पेटी आट्यांनीं बसवावी, कुंदा, कळ, घोडा सर्व जुनेंच. त्यामुळें खुद्द सरकारी स्नायडर बंदुकांच्या कळांवरहि त्यांच्या जन्माआधींचीं सालें आढळतात. सारांश, ज्या बंदुकीसाठीं ही पेटी आणली गेली, ती १८६६ पूर्वीं कोणीहि करावयास घेणें शक्य नाहीं. हिंदी पलटणींकडे तर स्नायडर याहूनहि उशिरां आली. गोऱ्या पलटणींस मार्टिनी-हेन्री मिळूं लागल्यावर, म्हणजे १८७१ नंतर, उतरलेली स्नायडर शिपायांच्या वांट्यास आली.

मग हे तुकडे चारठाण्यास आले कोठून? गांवाची जागा पाहिली म्हणजे याचें फारसें गूढ उरत नाहीं. पश्चिमेस जालना व पूर्वेस हिंगोली, या दोन्ही ठिकाणीं कंटिंजंटच्या छावण्या होत्या, आणि १९०३ सालीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन होईपर्यंत त्या चालू होत्या. छावणीभोंवतीं मोडीचा व्यापार वाढतोच. हे तुकडे त्याच वाटेनें आले असा आमचा तर्क आहे. त्यास कागदाचा आधार नाहीं हें सांगणें आमचें कर्तव्य होय.

काम थांबलें कां, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, व त्याचें उत्तर नळीच्या पोटांत आहे. गांवांतील यंत्रदुरुस्तीच्या दुकानांतून कॅलिपर आणवून आम्हीं तोंडाचें माप घेतलें, तें साडेसोळा मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरलें. एन्फील्डचें व स्नायडरचें माप ०.५७७ इंच, म्हणजे सुमारें साडेचौदा मिलिमीटर. दोन मिलिमीटरांचा हा फरक गंजानें पडत नाहीं. नळीच्या आंत पेचाच्या खोबणीहि नाहींत, आणि मागची माशी चढउतार होणारी नसून अचल ठोकळ्याची आहे. ही सर्व लक्षणें एकाच हत्याराकडे बोट दाखवितात. बंडानंतर सरकारनें असें ठरविलें कीं, लांब पल्ल्याची पेचदार नळी हिंदी शिपायाच्या हातीं यापुढें द्यावयाची नाहीं. म्हणून एन्फील्डच्याच नळ्यांतील पेच कोरून काढून त्यांचें पोट ०.६५६ इंच करण्यांत आलें. हा १८५८ चा नमुना. त्यानें भिंत इतकी पातळ झाली कीं नळ्या फुगूं व फुटूं लागल्या, म्हणून पुढील वर्षीं जाड नळीचा नमुना काढावा लागला. चारठाण्याच्या नळीची भिंत तोंडाशीं पातळ आहे. ती पहिल्या नमुन्याची असावी.

आतां त्या अज्ञात कारागिराची अडचण उघड होते. त्यानें पेटी आणली ०.५७७ मापाची व नळी मिळाली ०.६५६ ची. आटे पाडून त्यानें दोहोंची गांठ घातलीहि असती. पण काडतुसांतली गोळी त्या नळींत सैल खुळखुळली असती. बार अर्धा वाऱ्यावर, गोळी भलतीकडे, आणि पातळ नळीचा भरंवसा नाहीं तो वेगळाच. हें त्याच्या ध्यानीं साडेतीन आट्यांनंतर आलें कीं काय, हें तोच जाणे. मात्र कानस तेथेंच थांबली आहे. कसबाची उणीव हें कारण नव्हे. आटे हातानें पाडलेले असूनहि एकमेकांशीं समांतर आहेत. आणि या देशांतील लोहारास विलायती बंदूक साधत नव्हती असें म्हणणाऱ्यांनीं महादजी शिंद्यांचा आग्रा येथील कारखाना आठवावा. तेथें सँगस्टर या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखालीं विलायतीच्या तोडीच्या बंदुका दहा रुपयांस एक या दरानें तयार होत, असें इंग्रज ग्रंथकारच लिहितात. चारठाण्याच्या कारागिरास अडविलें तें १८५८ च्या सरकारी धोरणानें. सत्तावनशीं या बंदुकीचा संबंध आहे तो एवढाच, आणि तो आख्यायिकेंतल्यापेक्षां कमी खरा नाहीं.

मूळपुरुषाचा हेतु काय होता हें आम्ही सांगूं शकत नाहीं. शिकारीसाठीं, राखणीसाठीं किंवा केवळ हौसेसाठींहि ही जुळणी चालली असेल. इंग्रजी मुलखांत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला, पण तो निजामाच्या राज्यांत आपोआप लागू नव्हता. तेव्हां सरकारच्या भीतीनें काम सोडलें असें म्हणण्यासहि बळकट आधार नाहीं.

हें सर्व यजमानांस सांगतांना आम्हांस संकोच झाला. चार पिढ्या अभिमानानें जपलेल्या वस्तूचें साल पुढें ढकलणें हें पाहुण्याचें काम नव्हे. वृद्ध यजमान बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं कुंद्यावरच्या रेघांवरून बोट फिरविलें व विचारलें, "पण हें काम आमच्याच घरचें ना?" कुंदा सागवानी आहे, विलायती अक्रोडाचा नाहीं, तो येथेंच कोरला गेला असावा, एवढें आम्ही निःशंकपणें म्हणूं शकलों. त्यांचें समाधान झालेंसें दिसलें.

कळेच्या आंतल्या बाजूस कारागिराचा छाप असण्याचा संभव आहे. तो पाहण्यासाठीं पेच काढावे लागतील, पण ते गंजून घट्ट बसले आहेत. बळजबरी करूं नये असें ठरवून आम्हीं त्यांवर तेल सोडलें व बोचकें होतें तसें बांधून माळ्यावर परत ठेवविलें. पावसाळ्यानंतर पुन्हां जाण्याचा विचार आहे.