मौजे दहिवली तर्फे नीड : सातबाऱ्यातली फारसी इजाफत

कर्जत तालुक्यातल्या गावांची महसुली यादी वाचली, की 'दहिवली तर्फे नीड' आणि 'दहिवली तर्फे वरेडी' अशी दोन नावे दिसतात. शेजारच्या खालापूर तालुक्यात 'कलोते मोकाशी' आहे आणि 'कलोते रयती'ही आहे. सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतात अशा नावांच्या आधी 'मौजे' हा शब्द येतो. आपण तो रोज वाचतो, तलाठी तो रोज लिहितो. पण 'मौजे'मधला हा 'ए' आला कुठून, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना मला तो पडला. त्याचे उत्तर शोधताना आपल्या इतिहासाचा एक तुकडा हाती लागला.

आधी थोडे व्याकरण. 'राजाचा जुना किल्ला' आणि 'जुन्या राजाचा किल्ला' यांत मराठी माणसाचा कधीच गोंधळ होत नाही. 'जुना' किल्ल्याशी जोडलेला आहे आणि 'जुन्या' राजाशी, हे शब्दाचे रूपच सांगते. इंग्रजीत विशेषण बदलत नाही. तिथे सगळी मदार शब्दांच्या जागेवर असते : 'द किंग्ज ओल्ड फोर्ट' म्हटले की किल्ला जुना, 'दि ओल्ड किंग्ज फोर्ट' म्हटले की राजा म्हातारा. मुले नेमकी इथे अडखळतात, कारण घरच्या भाषेत त्यांना जागेपेक्षा रूपाकडे पाहायची सवय असते.

उर्दू या बाबतीत मराठीच्या बाजूने उभी आहे. 'राजा का पुराना किला', 'पुराने राजा का किला', 'राजा की पुरानी हवेली'. मराठीत चा-ची-चे, उर्दूत का-की-के. दोन्हीकडे मालकाला लागणारा प्रत्यय मालकीच्या वस्तूचे लिंग आणि वचन घेतो, म्हणजे तो स्वतःच विशेषणासारखा वागतो. हा सांगाडा दोन्ही भाषांना प्राकृताकडून मिळाला. उर्दू 'बाहेरची' भाषा आहे असे म्हणणाऱ्याने एकदा हा 'का-की-के' तपासून पाहावा. तो इथल्याच मातीतला आहे.

उर्दूकडे आणखी एक रीत आहे, ती मात्र फारसीतून आली. तिला इजाफत म्हणतात. तिथे क्रम उलटा होतो. आधी वस्तू, मग 'ए', मग मालक किंवा विशेषण. दीवान-ए-आम, तख्त-ए-ताऊस. 'कोहिनूर' म्हणजे कोह-ए-नूर, प्रकाशाचा पर्वत. त्यातला 'ए' बोलता बोलता विरघळून गेला. इजाफत तीन कामे करते. ती मालकी दाखवते, विशेषण जोडते आणि नावही जोडते. इंग्रजीत 'द सिटी ऑफ मुंबई' म्हणतात तेव्हा शहर मुंबईच्या मालकीचे नसते, मुंबई हे त्या शहराचे नाव असते. इजाफतीचे तिसरे काम अगदी हेच.

आता सातबाऱ्याकडे परत येऊ. 'मौजा' म्हणजे गाव. 'मौजा-ए-दहिवली', म्हणजे दहिवली नावाचे गाव. मोडी कागदावर त्याचे 'मौजे दहिवली' झाले. 'कसबा'चे 'कसबे' झाले, 'परगणा'चे 'परगणे' झाले. 'किल्ले रायगड'मधला 'किल्ले'ही तोच आहे. रायगड हा एकच किल्ला, मग 'किल्ले' का? पुष्कळांना ते आदरार्थी अनेकवचन वाटते. खरे तर ते 'किला-ए-रायगड' आहे. मराठी पद्धतीने हा शब्द घडला असता, तर 'रायगड किल्ला' किंवा 'रायगडचा किल्ला' झाला असता. तीही रूपे आपण वापरतोच. पण मान द्यायचा असेल तेव्हा तोंडात 'किल्ले रायगड'च येते.

'तर्फे'ची गोष्ट आणखी मजेची आहे. 'तरफ' म्हणजे बाजू. जुन्या महसूल व्यवस्थेत काही गावांच्या गटाला तर्फ म्हणत. दहिवली नावाची दोन गावे असल्यामुळे एक नीड तर्फेतली आणि दुसरी वरेडी तर्फेतली, अशी ओळख द्यावी लागली. तर्फा गेल्या, तालुके आले, कुलाबा जिल्ह्याचा १९८१ मध्ये रायगड झाला; गावांच्या नावातली तर्फ मात्र टिकली. हाच शब्द आज 'शाळेतर्फे', 'ग्रामपंचायतीतर्फे' असा प्रत्ययासारखा आपल्या तोंडी आहे.

कलोते मोकाशी आणि कलोते रयती यांत 'ए' उरलेला नाही, पण फारसी क्रम उरला आहे : आधी नाव, मग विशेषण. मोकासा म्हणजे चाकरीच्या बदल्यात कुणाला लावून दिलेले उत्पन्न. रयती म्हणजे रयतेकडचे. जमिनीचे उत्पन्न कोणाकडे जात होते, याची खूण गावाच्या नावातच राहून गेली. पुण्याकडच्या वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक या नावांची घडणही अशीच. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरले. मराठी रिवाजाने 'थोरले आंबेगाव' झाले असते.

हे सगळे मराठीत कोणी आणले? 'मुसलमान राज्यकर्त्यांनी लादले' हे तयार उत्तर आहे. कागद वेगळे सांगतात. उत्तर कोकणचा हा भाग निजामशाहीत होता, १६३६ नंतर आदिलशाहीकडे गेला आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. दरबाराची भाषा फारसी असली, तरी गावपातळीवरचे हिशेब मोडीत, मराठीत लिहिले जात. लिहिणारे होते कुलकर्णी, देशपांडे, कारकून. 'मौजे', 'कसबे', 'तर्फे' मराठीत रुळवले ते या लेखणीने. एखादा शब्द उसना घेणे सोपे असते. व्याकरणाची रीत उसनी घ्यायची, तर ती भाषा चांगली मुरलेली असावी लागते. या मंडळींच्या अंगात फारसी मुरलेली होती.

राज्याभिषेकानंतर महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला, सरनोबताचा सेनापती झाला. कारभाराला संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता आणि त्याचे महत्त्व कुणी नाकारू नये. तरी पुढे 'पेशवा' हे पद फारसी नावानेच गाजले आणि मौजे, किल्ले कागदावर तसेच चालत राहिले. कोशाला शब्द बदलता आले. लिहिणाऱ्या हाताला पडलेले वळण बदलणे त्याहून अवघड होते.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश तयार केला आणि पुढे तेही भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. मराठीवरच्या फारसी ठशाची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या माणसालाही तो ठसा पुसावा असे वाटले. दुसरीकडे बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादला राहून मराठीवरच्या फारसी प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिले. त्यांच्या बिरुदातही इजाफत आहेच.

मला हा विषय आज महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी मुसलमानाला दोन्हीकडून परके ठरवले जाते. मराठी बोलला तर 'अरे, तुम्हाला मराठी येते?' असे आश्चर्य, आणि उर्दू शिकला तर 'ही तुमची भाषा' असा शिक्का. आपल्यातलेही काही जण मुलांना सांगतात, की मराठी ही केवळ नोकरीपुरती भाषा आहे. या दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापला सातबारा काढून वाचावा. जमिनीचा मालक पाटील असो, ठाकूर असो, आदिवासी असो की कोकणी मुसलमान, त्याच्या गावाच्या आधी 'मौजे' लिहिलेलेच असते. त्या 'मौजे'त फारसी व्याकरण आहे, मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा हात आहे आणि त्याच्यापुढे कोकणातल्या गावाचे मराठी नाव आहे. ते वेगळे करून वाटून घ्यायचे म्हटले, तर आधी गावाचे नाव तोडावे लागेल.

वर्गात मी इंग्रजीची षष्ठी समजावताना आता तीन ओळी फळ्यावर लिहितो : 'दहिवली गाव', 'मौजे दहिवली', 'द व्हिलेज ऑफ दहिवली'. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत क्रम सारखाच आहे, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. मग इंग्रजीचा 'ऑफ' तितका परका राहत नाही, आणि उर्दूची इजाफतही.