कचारगडच्या नाल्यांतील तळजीव

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या टेकड्यांवरून उतरणाऱ्या लहान नाल्यांच्या तळाशी, म्हणजे गोट्यांखाली, वाळूत व कुजत्या पाल्यात राहणारे अपृष्ठवंशी प्राणी आणि तळ धरून राहणारे लहान मासे. कचारगड गोंड समाजाचे तीर्थ असून माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथील गुहेपाशी मोठी जत्रा भरते. परिसरातील पाणी बाघ नदीतून वैनगंगेत आणि पुढे प्राणहितामार्गे गोदावरीत जाते.

झाडांच्या दाट सावलीत शेवाळ फारसे वाढत नाही, म्हणून अशा नाल्याचे बरेचसे अन्न काठावरून येते. साग, मोह, तेंदू, ऐन यांची पानगळ पात्रात साचते. भिजलेल्या पानावर आधी बुरशी व जीवाणू चढतात. त्यानंतरच ते खाण्याजोगे होते. पाने कुरतडणाऱ्या अळ्या व खेकडे त्यांचा भुगा करतात. वाहून जाणारा हा भुगा काही कॅडिस माश्यांच्या अळ्या रेशमी जाळी विणून अडवतात, तर काळ्या माशीच्या अळ्या तोंडाजवळच्या केसाळ पंख्यांनी गाळून घेतात. चतुर व टाचणीची पिल्ले या सर्वांवर जगतात. खालचा जबडा झटक्यात पुढे फेकून ती भक्ष्य पकडतात.

खळाळत्या पाण्यातला एखादा गोटा उलटून पाहावा. खालच्या बाजूला चिकटलेले चपटे, बहुधा तीन शेपट्यांचे पिल्लू मेफ्लायचे. त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले असतात व ते हलताना डोळ्यांना दिसतात. दोन शेपट्या आणि पायांच्या मुळाशी कल्ल्यांचे झुपके असतील, तर ते स्टोनफ्लायचे असण्याची शक्यता अधिक. वाळूच्या कणांची नळी पाठीवर वागवणारी अळी कॅडिस माशीची. पाहून झाल्यावर गोटा होता तसाच ठेवावा, कारण त्याची खालची बाजू हेच या जीवांचे घर आहे.

उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील नाल्यांत सॅमन मासे समुद्रातून अंडी घालायला येतात. मादी शेपटीने खडी उकरते, तळजीव उधळले जातात. पुढे मेलेल्या माशांतून समुद्राचे नत्र नाल्याला मिळते. कचारगडला समुद्राचे असे देणे नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपल्याकडे चढणीचे मासे उथळ पाण्याकडे येतात खरे, पण ते नदी-तलावांतले असतात आणि अंडी घालून बहुतेक परत फिरतात. गोड्या पाण्यातील खेकड्याला तर समुद्राची गरजच उरलेली नाही. त्याच्या अंड्यांतून तरंगत्या अळ्या निघत नाहीत, थेट इवलाले खेकडे बाहेर पडतात. मादी त्यांना पोटाखालच्या झडपेत काही काळ सांभाळते.

खरी कसोटी उन्हाळ्याची. धार तुटते, पाणी डोहांपुरते उरते. काही कीटक त्याआधीच पंख फुटून उडून जातात. मेफ्लायची प्रौढ माशी काही तास ते काही दिवसच जगते, खात नाही आणि तेवढ्यात अंडी घालते. काही अळ्या वाळूखालच्या ओलीत उतरतात, खेकडा बिळात जातो, गोगलगाय शंखाचे झाकण लावून चिखलात पडून राहते. पहिल्या पुरानंतर नाला पुन्हा भरतो तो या उरलेल्यांमुळे आणि उडून आलेल्या माद्यांच्या अंड्यांमुळे.

म्हणूनच डोहांना जपणे सर्वांत महत्त्वाचे. माघात पाणी ओसरू लागलेले असते आणि तेव्हाच माणसांची वर्दळ सर्वाधिक असते. थोड्या पाण्यात साबण पातळ होत नाही. काठ तुडवला गेला की सुटी माती गोट्यांमधल्या फटी बुजवते. मासे मारण्यासाठी पाण्यात विषारी भुकटी टाकणे याहून घातक, कारण त्यात माशांबरोबर तळही मरतो. जत्रेची धुणी-भांडी डोहापासून दूर, टाकीच्या पाण्यावर झाली पाहिजेत.

तळजीवांवरून पाण्याची प्रत ठरवता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी जैविक निकष तयार केले आहेत. स्टोनफ्लाय व मेफ्लायची अनेक कुळे आढळली तर पाणी स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेले समजावे. ती नाहीशी होऊन फक्त तांबड्या कायरोनोमस अळ्या व ट्युबिफेक्स कृमी उरले, तर पाणी बिघडले आहे. या दोहोंच्या शरीरातील हिमोग्लोबिनमुळे ते अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात.