फोटोत फावडे आहे, नाव नाही

गोरी बाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही साहेबाची मडम येते. हॅट, हातमोजे आणि मागे पंखा ओढणारा गडी. इतिहासाच्या पुस्तकांनी तेवढीच दाखवली. त्याच राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात, इंग्लंडला लागून असलेल्या पण स्वतःची वेगळी भाषा असलेल्या वेल्समध्ये, फावडे घेऊन लोखंडाच्या कारखान्यात राबणाऱ्या बायका होत्या. त्यांचे फोटो आजही उपलब्ध आहेत आणि आमच्या मते ते प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा नीट बघावेत.

दक्षिण वेल्समध्ये ट्रेडेगार नावाचे गाव आहे. (ब्रिटनची मोफत सरकारी आरोग्यसेवा उभारणारा अन्यूरिन बेव्हन हा खाणकामगाराचा मुलगा याच गावचा.) तिथे १८०० पासून लोखंडाच्या भट्ट्या पेटत होत्या. १८६५ च्या सुमारास क्लेटन नावाच्या स्थानिक फोटोग्राफरने या भट्ट्यांवरच्या बायकांचे, व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो काढले. अंगावर आखूड जाडाभरडा झगा, वर गोणपाटासारखा एप्रन, पायात जड बूट, हातात फावडे. खनिजाचे दगड फोडणे, त्यातली माती-दगड निवडून वेगळे करणे, चुनखडी फोडणे, गाड्या भरणे, भट्टीतून निघालेली मळी ढिगाऱ्यावर नेऊन ओतणे ही त्यांची कामे. या ढिगाऱ्याला तिकडे ‘टिप’ म्हणत, म्हणून या पोरी ‘टिप गर्ल’. पुरुषांपेक्षा मजुरी कमी, हे वेगळे सांगायला नको.

पण फोटोत धूर नाही, ढिगारा नाही. त्या स्टुडिओत उभ्या आहेत. कामावरच्या बाईला कामाच्या कपड्यांत, कामाच्या अवजारासह बोलावून, स्वच्छ पडद्यापुढे उभे केलेले आहे. कुणासाठी? असे फोटो जमवणारे शौकीन होते. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध आर्थर मनबी हा लंडनचा सुशिक्षित गृहस्थ. कष्टकरी बायकांचे काळवंडलेले हात, रुंद खांदे यांचे त्याला विलक्षण आकर्षण. तो त्यांना गाठून बोलायचा, डायरीत लिहायचा, फोटो विकत घ्यायचा. १८७३ मध्ये त्याने हॅना कलविक या मोलकरणीशी लग्न केले, आणि ते घरच्यांपासून लपवले. एवढ्यावरून त्याची सहानुभूती कुठे थांबत होती ते कळते. तरीही प्रामाणिकपणे मान्य करू या, त्याने जमवले नसते तर हे फोटो बहुधा चुलीत गेले असते. आज ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. फोटोतल्या बहुतेकींची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

या बायका ढिगाऱ्यावर का आल्या, तेही बघितले पाहिजे. त्याआधी वेल्समधल्या काही कोळसा खाणींत बायका आणि मुले जमिनीखालीही राबत. १८४२ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्यात चित्रे होती, आणि अंधारात अर्धवट कपड्यांतल्या बाया-पुरुषांची चित्रे बघून लंडनचा प्रतिष्ठित वर्ग हादरला. त्याच वर्षी कायदा झाला. सगळ्या बायका आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना भूगर्भात काम बंद. ते काम भयानकच होते, बंद झाले ते बरे झाले. पण संसदेतल्या भाषणांत बाईच्या पाठीच्या कण्यापेक्षा तिच्या चारित्र्याची चिंता जास्त होती, आणि ज्या बाईची रोजी गेली तिला भरपाई म्हणून एक पेनीही मिळाली नाही. तिने काय खायचे हा प्रश्न कायद्यात नव्हताच. मग ती जमिनीवर मिळेल त्या कामाला लागली.

चारित्र्याचे हे भूत तिथेच थांबले नाही. १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाचा सरकारी अहवाल निघाला. तीन इंग्रज आयुक्त, एकालाही वेल्श भाषा येत नव्हती. त्यांनी निष्कर्ष काढला की वेल्श लोक अडाणी आहेत आणि त्यांच्या बायका बदफैली. निळ्या मुखपृष्ठांच्या त्या ग्रंथांना वेल्श माणूस ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतो. राग योग्यच होता. पण वेल्श पुढाऱ्यांचे उत्तर काय? १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी वेल्श मासिक काढले आणि तिला शीलवान गृहिणी होण्याचे धडे दिले! ‘आमची बाई राबते, तिचा अपमान करू नका’ असे ठणकावून सांगण्याऐवजी ‘आमची बाई तुमच्या बाईसारखीच घरंदाज आहे’ हे सिद्ध करण्याची धडपड. पुढे वेल्सची ओळख म्हणून पोस्टकार्डांवर छापली गेली ती उंच काळी टोपी आणि शाल घातलेली, चहा पिणारी, सूत कातणारी बाई. फावडेवाली राष्ट्राच्या चित्रात बसली नाही. संस्कृतीच्या नावाने कोणती बाई भिंतीवर टांगली जाते आणि कोणती वगळली जाते, हे आपल्याला नवीन नाही.

मात्र घाईने ‘त्या तिकडच्या दलित स्त्रिया’ असे कुणी लिहू नये. टिप गर्लचे काम जन्माने ठरत नव्हते, तिच्या स्पर्शाने पाणी बाटत नव्हते. वर्गाचे शोषण आणि जातीचे शोषण यांतला फरक बाबासाहेबांनी आयुष्यभर समजावून सांगितला, तो आपणच पुसू नये.

आणि बाबासाहेबांपुढे हाच खाणीचा प्रश्न प्रत्यक्ष आला होता. भारतात बायकांच्या भूगर्भातील कामावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धात कोळशाची टंचाई झाली आणि सरकारने १९४३ मध्ये ती उठवली. बाबासाहेब तेव्हा मजूरमंत्री. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यांना यावरून धारेवर धरले गेले. निर्णय अडचणीचा होता; आणीबाणीची तात्पुरती तजवीज म्हणूनच त्यांनी तो मांडला. पण त्याच उत्तरात त्यांनी मजुरीचा मुद्दा काढला. या कामात बाई-पुरुष भेद न करता समान कामाला समान मजुरी लागू केल्याचे सभागृहाला सांगितले. १८४२ च्या लंडनमध्ये बाईने खाली कपडे किती घातले यावर चर्चा झाली होती. इथे तिला पैसे किती मिळतात यावर झाली. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली, तेव्हाही मजूरखाते त्यांच्याकडेच होते.

क्लेटनच्या फोटोंतल्या काही पोरींच्या टोपीवर फुले-पिसे आहेत. दिवसभर मळी उपसणाऱ्या पोरीने टोपी सजवली आहे, आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघते आहे.